चिंचेनं घासलेला सूर

मी हरेशचा माउथ ऑर्गन बोलतोय. दहा भोकांचा, मुठीत मावणारा. दिसायला किरकोळ असलो तरी माझ्या पोटात पितळेच्या वीस पट्ट्या आहेत, आणि सगळ्या मानी आहेत.

१९९६ साली शिलाँगच्या एका दुकानात हरेशनं मला घेतलं. डोळखांबचा हा पोरगा तिथे पलटणीत शिपाई होता. सकाळी परेड, दुपारी पहारा, जेवणानंतरचा अर्धा तास माझा. बराकीतला त्याचा दोस्त बान, तिथल्याच खासी जमातीचा, त्याला ब्लूज नावाचं परदेशी संगीत शिकवायचा. दुःखाचं गाणं, पण रडायचं नाही. सूर सरळ लावायचा नाही, जरा खाली वाकवायचा, असं बान सांगे. तिसऱ्या भोकाशी हरेश गाल दुखेपर्यंत झटायचा. मी वाकायचो नाही. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायची.

छावणीतल्या कार्यक्रमात तो मला वाजवायचा. सुट्टीत गावी आला की किन्हवली, शेणवा, जिथे हळद असेल तिथे बँजोवाल्यांच्या शेजारी उभा. त्याची आई हौसा लग्नात धवळे गाणारी, तिच्या गळ्याशिवाय गावात हळद लागत नसे. ती विहिरीवर कौतुकानं सांगायची, "आमचा हरेश ब्लाऊज वाजवतो!"

१९९९च्या मे महिन्यात बहीण भाविकाच्या लग्नासाठी तो आला. हळदीला चार दिवस राहिले आणि तार आली. सुट्टी रद्द. सीमेवर लढाई पेटली होती. त्यानं ट्रंक भरली, शहापूरची एसटी धरली, आणि घाईत मी कोनाड्यात राहिलो.

"दादा येल तवाच मी हळद लावीन," भाविका म्हणाली. लग्न पुढं ढकललं.

हौसाला पोरासाठी काहीतरी करायचं होतं. हाताशी होतो मी. तिनं चिंच घेतली, राख घेतली आणि देवाची भांडी घासतात तसं मला घासून काढलं. बाहेरून मी लखलखलो, आतून राखेनं पार गुदमरलो. तिनं कौतुकानं मला ओठांना लावून फुंकर मारली. आवाज नाही. पुन्हा मारली. नाहीच. तिचा चेहरा पांढरा पडला.

कुणाला काही न सांगता तिनं मला तांदळाच्या डब्यात लपवलं. रेडिओवर बातम्या लागल्या की ती उठायची आणि तांदळात हात घालून मला चाचपायची. बाई, मी फक्त तुंबलोय, असं ओरडून सांगावंसं वाटे. पण आवाजच नव्हता.

कार्तिकात हरेश धडधाकट घरी आला. चपला काढतानाच विचारलं, "माजा बाजा कुठंय गो आये?"

हौसा रडायलाच लागली. "मीच मुका केला रे त्याला. तवापासून तू येशील का नाय, याच घोरात व्हते!"

हरेश आधी हसला, मग त्याचेही डोळे भरले. त्यानं माझे स्क्रू काढले, सुईनं राख उकरली. सगळे सूर परतले. फक्त तिसऱ्या भोकाच्या पट्टीला राखेचा कण चिकटूनच राहिला. त्यानं श्वास ओढला आणि तो सूर आपसूक खाली वाकून आला. तीन वर्षं झगडून न मिळालेला!

भाविकाच्या हळदीत त्या सुरावर हौसाचा धवळा नेमका बसला. मांडवात कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही, धवळ्यातला सूर असाच वाकलेला असतो. मला मात्र मोकळं मोकळं वाटलं.

पुढं दहा वर्षं, प्रत्येक सुट्टी संपताना हौसा आधी मला फुंकून बघायची. वाजलो तरच मला त्याच्या खिशात घालायची आणि मग त्याला उंबरा ओलांडू द्यायची.

यंदा हरेश पेन्शनीत आला. मला थोडे पोचे आलेत, पण घसा शाबूत आहे. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर एवढंच करा, त्याला कोरड्या फडक्यानं पुसा, चिंच लावू नका.

परवा हरेश मुरबाडला हळदीत वाजवायला निघाला. सवयीनं त्यानं मला आईपुढं धरलं. ती भाकरी थापत होती. तिनं वर बघितलंही नाही.

"जा रे," ती म्हणाली, "वाजतो तो."