पडवीतला तिसरा दिवस

सकाळी सहा वाजता डाग शर्टाच्या बटणाएवढा होता. साडेदहाला तो करवंदाएवढा झाला; मध्ये काळपट, कडेला तपकिरी. वाढला म्हणावा तर फार नाही. सुप्रियाने फडक्याची घडी उलटी केली आणि मोबाईलमध्ये वेळ लिहिली. तीन दिवसांत तिने अशा अकरा वेळा लिहिल्या होत्या. दुखण्याची वेळ लिहिता येत नव्हती, कारण ते थांबत नव्हतं. पोटात खाली, उजव्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल एवढ्याच जागी.

ती पडवीत बसली होती. पासली गावाच्या वर डोंगरात सहा घरांची वस्ती. शेरडं, मेंढरं, खाली ओढ्याकाठी थोडं भात. महिन्याच्या चार दिवसांत घरातली बाई पडवीत बसते, चुलीला, पाण्याला, माणसांना शिवत नाही. तिला पडवीत बघून सासूने काही विचारलं नव्हतं.

पण सुप्रियाची पाळी आलेली नव्हती. तिला दिवस गेले होते, सातवा आठवडा होता, आणि हे फक्त तिला आणि नवऱ्याला, सिद्धनाथला माहीत होतं.

गेल्या वर्षी दिवस गेले तेव्हा दुसऱ्याच महिन्यात सगळ्यांना कळलं होतं. बयाबाईंनी, तिच्या सासूने, भावकीत पेढे वाटले. अडीच महिन्यांत गर्भ पडला. तेव्हा चुलतसासू चंद्राबाई ओढ्यावर सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "भांडंच गळकं आसल तर पानी कसं ऱ्हाईल?" नंतर महिनाभर बयाबाई धुणं घेऊन ओढ्यावर गेल्या नाहीत.

म्हणून या खेपेला तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं. पण एका घरात पाळी चुकल्याचं लपवायचं कसं? सुप्रियाच म्हणाली, मी बाहेर बसेन. दसऱ्याला ती चार दिवस खोटंच पडवीत बसली. दुखऱ्या गुडघ्यांनी बयाबाईंनी एकटीने पाणी भरलं, पोळ्या केल्या आणि सुनेकडे दुरून ताट सरकवलं. त्या ताटातला एकेक घास तिला जड गेला होता. आता दिवाळी सरता सरता खरंच डाग दिसला, तेव्हा तिने वाकळ उचलली आणि पुन्हा पडवीत आली. रक्त लपवायला याहून सोयीची जागा नव्हती.

बयाबाई कापणीवरून भाकरी खायला वर आल्या. हातपाय धुताना त्यांची नजर तिच्यावर होती.

"या बारीला लवकर गं? अजून आठ दिस हुतं की."

"व्हतं कधीमधी, आत्याबाई."

"आन खांदा का दाबतीयास?"

"बसायच्या आदी भारे वाहिले ना."

"भारा डोस्क्यावर आन दुखतोय खांदा व्हय? लईच शिकल्याली हाडं तुजी." बयाबाई हसल्या. "उद्या न्हालीस का त्याल चोळून देते. आज हात लावता येत न्हाई, न्हाईतर आत्ताच दिलं असतं."

सुप्रियाही हसली. हसताना पोटात कळ गेली. ती उठली, बसली, पुन्हा उठली. सकाळपासून ती आडवी झाली नव्हती. आडवं झालं की खांद्याच्या टोकाशी कुणी दाभण टोचल्यासारखं होई. बयाबाई आत गेल्यावर ती गोठ्यामागच्या खडकापाशी गेली. रेंज तिथेच यायची.

सिद्धनाथ टेम्पोत बोकड घेऊन नसरापूरला गेला होता. "तीनला येतो," तो फोनवर म्हणाला. मागे हॉर्न वाजत होते. "बाजाराला जातो म्हनून सांगू, आन दवाखान्यात जाऊ. तवर आईला काय बोलू नगं."

तीनला अजून चार तास होते. खांद्याचं तिने त्याला सांगितलंच नाही. मग तिने पासलीच्या आशा कार्यकर्तीला, शिवानीला, फोन लावला.

"ताई, बहिणीचं इचारायचं हुतं. तिला दुसरा महिना हाय. डाग जातोय, थोडाच."

"पोट दुखतंय?"

"एका बाजूला. आन खांदा."

"खांदा?" शिवानीचा आवाज बदलला. "आडवी झाली का जास्त दुखतोय?"

"व्हय."

"चक्कर?"

"उठताना येती."

"मग नीट ऐक. गर्भ पिशवीत न ऱ्हाता नळीत वाढत असंल तर नळी फुटती. रगत आत पोटात साठतं, त्यानं खांदा दुखतो. भाईर डाग थोडाच दिसतो, डागावर जाऊ नगं म्हनावं. तसं नसंलबी, पन ते सोनोग्राफी करून डॉक्टरच सांगनार. चोळाचोळी न्हाई, गोळी न्हाई, खायचं-प्यायचं काय न्हाई. लगेच दवाखाना."

"तिचा नवरा तीनला येनार हाय."

"नवरा काय पोटात हात घालून रगत थांबवनार हाय व्हय? एकशे आठला फोन कर म्हनावं. कुठं असती बहीण?"

"महाडला."

"सुप्रिया, तू तर एकटीच लेक ना गं?"

तिने फोन कापला. लगेच शिवानीचा फोन आला. तिने तो वाजू दिला. एकशे आठची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येणार होती. रस्ता खाली, वीस मिनिटांच्या उतारावर. दोन पावलं टाकून बघावं म्हणून ती निघाली, तर गोठ्याचं कुंपण एकदम दूर गेल्यासारखं झालं आणि डोळ्यांपुढे काळं आलं. तिने कुंपण घट्ट धरलं. हळूहळू शेरडं पुन्हा दिसू लागली. ती एकटी खाली पोचणार नव्हती.

ती कशीबशी परत आली तेव्हा अंगणात चंद्राबाई विळा घेऊन उभी होती. "चल की गं बया, ऊन चढलं. सुनंची सुट्टी हाय, तुजी न्हाई."

बयाबाई डोक्याला फडकं बांधत बाहेर आल्या आणि सुप्रियाला बघून थबकल्या. "तोंड का असं पांढरं पडलंय?"

चंद्राबाई गेल्यावर सांगावं, असं सुप्रियाला वाटलं. पण चंद्राबाई जायची ती बयाबाईंना घेऊनच.

"आत्याबाई, मी बाहेरची न्हाई," ती म्हणाली. "दसऱ्यालाबी नव्हते. मला दिवस गेल्यात. आन आता पोटात कायतरी बिघडलंय."

चंद्राबाईच्या तोंडून "अगं बाई" निघालं. बयाबाईंनी पुढे येऊन सुप्रियाचे दोन्ही दंड धरले. हात भाताच्या काडीने खरखरीत झाले होते.

"कवापासनं दुखतंय?"

"तीन दिस."

"तीन दिस! आन म्या लांबनं भाकर टाकत ऱ्हायले." त्यांचा आवाज फाटला. "बस हितं. सिद्धाला फोन लाव, त्यो आला का—"

"त्यांची वाट बघायची न्हाई." सुप्रियाने चंद्राबाईकडे बघितलं, नजर काढली नाही. "तुमी शेतातल्या मानसांस्नी हाक मारा, काकी. मी खडकापाशनं एकशे आठला फोन लावते. मला झोळीत घालून रस्त्यावर न्या. दवाखान्यात जायचंय, आत्ताच."