बाबांची जाळी

आमच्या बोटीवर कोणी काय करायचं, हे मी जन्मायच्या आधीच ठरलेलं होतं. बोट कोणीही चालवावी, गळाची काठी कोणीही धरावी, डब्यातलं सँडविच ज्याला भूक लागेल त्यानं काढून खावं. जाळी मात्र बाबांची. मासा बोटीच्या कडेला आला की बाबा उठणार, लांब दांड्याची ती जाळी पाण्यात बुडवणार आणि मासा अलगद आत घेणार. पन्नास वर्षं हे असंच चालत आलं होतं. मोडलं मी, आणि ते कसं मोडलं हे अजून मार्लीसलासुद्धा नीट सांगितलेलं नाही. मार्लीस म्हणजे माझी बायको.

कोणाला वाटेल, जाळी धरणं ते काय, पोराटोरांचं काम. त्यानं एकदा कोकॅनी पकडायला यावं. हा मासा साल्मनच, पण समुद्राचं तोंड न पाहिलेला. आमच्या धरणात उन्हाळ्यात साठ-सत्तर फूट खाली, थंड पाण्यात त्याचे थवे फिरतात. तारेला शिशाचा गोळा बांधून गळ तेवढा खाली सोडायचा आणि माणूस चालेल त्याहून हळू बोट चालवत तो मागून ओढत न्यायचा. हे सगळं जमलं तरी खरी परीक्षा पुढेच. कोकॅनीचा ओठ दुधावरच्या सायीइतका नाजूक. जरा जोर लागला की फाटला. बोटीजवळ आला की तो पिसाळल्यासारखा गरगर फिरतो, आणि दहातले चार मासे तिथेच जातात.

म्हणून आमच्या घरात येणाऱ्या नव्या माणसाची पारख बाबा जाळीवर करत. लग्न ठरायच्या आधी एक दिवस धरणावर न्यायचं आणि एका माशापुरती जाळी त्याच्या हातात द्यायची. मार्लीसनं तिचा मासा जाळीच्या कड्यानं ठोकरून घालवला आणि बोटीत फतकल मारून पोट धरून हसली. घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "उरकून टाक लग्न. चुकल्यावर हसते ती पोरगी." माझ्या धाकट्या बहिणीच्या, लारेच्या नवऱ्यानं, म्हणजे वेंडलनं, पहिल्याच झटक्यात मासा आत घेतला आणि महिनाभर गावाला सांगत फिरला. बाबा म्हणाले, "ठीक आहे. चालवून घेऊ."

या जुलैत बाबांना ऐंशी पूर्ण झाली. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात. कॉफीला तर आमच्या घरात धर्मामुळे कोणी शिवत नाही, पण आता दुधाचा कपही ते अर्धाच भरून घेतात. वसंतात डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. बाबांनी ट्रकची किल्ली स्वतःच माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "घे. आई गेली, ट्रक गेला. आता जाळीला तेवढा हात लावू नकोस." म्हणाले हसत. मीही हसलो. पण ते खरंच बोलत होते, हे मला तेव्हाही कळलं होतं.

वाढदिवस शनिवारी होता. संध्याकाळी लारे आणि वेंडल जेवायला येणार होते. वेंडलनं आदल्या आठवड्यात साडेतीन पौंडांचा कोकॅनी धरला होता आणि त्याचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. मी त्याला फोनवर म्हणालो, "शनिवारी ये, तुला खरा मासा दाखवतो." आमचं मेव्हण्या-मेव्हण्यांचं हे असं चालतं. दोघंही पन्नाशी गाठलेले.

पहाटे साडेपाचला बाबा, मार्लीस आणि मी धरणाच्या उतारावर बोट पाण्यात सोडत होतो. बाबांनी आदल्या दिवशीच पांढऱ्या मक्याचे दाणे लसूण घालून माशाच्या तेलात मुरवून ठेवले होते. त्या डब्याचं झाकण उघडलं की मार्लीस नाक धरते. बोटीत बसल्यावर बाबांनी नेहमीची छोटी प्रार्थना म्हटली आणि मग नेहमीचा प्रश्न विचारला.

"थेन, रिळं सैल केलीस का?"

"केली, बाबा. मी काय दहा वर्षांचा आहे?"

"तसं नाही रे. विचारावं लागतं."

"पन्नास वर्षं विचारताय."

"पन्नास वर्षं मासे येताहेत," बाबा म्हणाले, आणि मार्लीस खुदकन हसली.

मी रिळं सैल केली नव्हती. पाहिलीच नव्हती. रिळाच्या बाजूला चांदणीच्या आकाराची एक फिरकी असते. ती सैल असली की मासा ओढेल तसा दोरा सुटतो. आवळली की सुटत नाही. आदल्या आठवड्यात माझी काठी घेऊन मी मोठ्या ट्राउटच्या मागे गेलो होतो. त्या माशाचं तोंड बुटाच्या चामड्यासारखं, म्हणून फिरकी गच्च आवळली होती, आणि ती तशीच राहिली. 'थांबा, बघतो,' एवढंच म्हणायचं होतं. पण मला कोणी काही विचारलं की आधी राग येतो, मग उत्तर. ही खोड बाबांना माहीत आहे, म्हणून ते एकदाच विचारतात.

नऊ वाजेपर्यंत मार्लीसच्या काठीला दोन लहान मासे लागले. बाबांनी दोन्ही आत घेतले. दुसऱ्याच्या वेळी हात चांगलेच थरथरत होते, पण त्यांनी कोपर बोटीच्या कठड्यावर टेकवलं, दांडा काखेत दाबला आणि मासा जाळीत आला. मार्लीसनं टाळ्या वाजवल्या. "अगं, टाळ्या कसल्या वाजवतेस, मी काय रांगायला लागलोय?" असं म्हणाले खरे, पण खूश झाले होते.

मग माझी काठी वाकली. दोरा तारेला धरून ठेवणारा चिमटा सुटला, काठीचं टोक एकदम वर उडालं आणि पुन्हा पाण्याकडे झुकलं. मी काठी उचलली. मासा जड होता. तीन पौंडांच्या वरचा नक्की, कदाचित चार. दोरा सुटत नव्हता, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर वेंडलचं तोंड होतं. मी रीळ फिरवत राहिलो आणि मासा ओढत राहिलो.

"हळू, थेन, हळू," बाबा म्हणाले. ते जाळी घेऊन उभे होते.

"कळतं मला!"

मासा वर आला. चांदीची पाठ दिसली, आणि मार्लीस ओरडली, "अगं बाई, केवढा!" तो बोटीच्या कडेला दोनदा गरकन फिरला. बाबांनी जाळी पाण्यात घातली. हात थरथरत होते, कडं पाण्यावर थाडथाड आपटत होतं. मासा जाळीच्या तोंडाशी आला, एक हिसका बसला, काठी एकदम हलकी झाली आणि तो खाली निघून गेला.

आणि मी बापावर ओरडलो.

"घालवलात! जाळीनं ठोकून घालवलात! हात धड राहत नाहीत तर कशाला हट्ट करता? सगळ्या दिवसाची माती केलीत. द्या ती जाळी इकडे! मार्लीसला द्या. तिचे हात तरी जागेवर आहेत!"

पाण्यावर आवाज लांबवर जातो. शंभर हातांवरच्या बोटीतल्या दोघांनी माना वळवून पाहिलं. मार्लीस पांढरीफटक पडली. "थेन, अरे," एवढंच ती म्हणाली.

बाबांनी जाळी तिच्या हातात दिली. "हो रे," ते म्हणाले, "लागलं खरं कडं. चुकलंच माझं." मग ते पुढे जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवले.

मी दोरा गुंडाळून घेतला. गळ हातात आला आणि मी पाहिलं, तर हुकाला ओठ होता. नखाएवढा, पांढरा, ओला. ज्यानं एक उन्हाळा कोकॅनी पकडलेत त्यालाही याचा अर्थ कळतो. जाळीचं कडं लागून मासा सुटला तर हूक रिकामा येतो. हुकाला ओठ असला तर तो मासा काठी धरणाऱ्यानं ओढून फाडलेला असतो. हे मला बाबांनीच शिकवलं, मी सात वर्षांचा असताना, याच धरणावर. मी फिरकीला बोट लावलं. गच्च होती.

इथवर जे झालं ते रागात झालं, आणि रागाला माफी असते. पुढचं मी शांत डोक्यानं केलं. मार्लीसकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती. बाबांची पाठ होती. मी तो ओठ नखानं खुडला आणि बोटीच्या कडेवरून पाण्यात टाकला. मग फिरकी सैल केली. त्या जुन्या रिळाची फिरकी फिरवली की टक वाजते. टक, टक, टक, टक. मी हुकाला मक्याचे नवे दाणे लावले आणि गळ खाली सोडला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, तो चोर मी होतो.

त्यानंतर मासे लागत गेले आणि एकही सुटला नाही. पाच मासे मार्लीसनं जाळीत घेतले. प्रत्येक वेळी ती बाबांकडे वळून बघायची आणि बाबा मान न वळवता म्हणायचे, "शाब्बास, पोरी." परतताना मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बाबा, सकाळी जरा जास्तच बोललो मी." ते म्हणाले, "मोठा मासा होता. होतं असं." मला वाटलं, चला, मिटलं. असं वाटायला माणूस किती निगरगट्ट असावा लागतो, ते मी आता सांगू शकतो.

संध्याकाळी लारेनं चीज घातलेल्या बटाट्यांची मोठी परात आणली होती. मी मासे धुरावर शेकले होते. वेंडलनं आल्या आल्या विचारलं, "कुठाय तो खरा मासा?"

मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "माझ्या जाळीनं गेला. थेननं छान आणला होता, मीच ठोकरला. चार पौंडांचा होता बघ."

"बाबा, तुम्ही?" लारे म्हणाली.

"मी नाही तर कोण? हे बघ." त्यांनी हात पुढे धरून दाखवला. हात थरथरत होता. वेंडल म्हणाला, "असू दे हो बाबा, थेनला बहाणाच हवा होता," आणि सगळे हसले. मीसुद्धा हसलो. बाबा माझ्याकडे पाहत होते. ताटावर हात ठेवून, न जेवता, बराच वेळ पाहत होते. माझं तोंड बटाट्यांनी भरलेलं होतं, आणि मी ते भरत राहिलो.

केक कापून झाल्यावर त्यांनी जाळी आणायला लावली. ती आडवी धरून मार्लीसला दिली आणि म्हणाले, "आजपासून ही हिची. मी उगाच धरून बसलो होतो." मार्लीसला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, आनंदानं आलं.

पुढचे तीन शनिवार बाबा धरणावर आले नाहीत. एकदा गुडघा दुखत होता, एकदा ऊन फार होतं, तिसऱ्यांदा त्यांनी कारणही दिलं नाही. मार्लीसनं जाळी गॅरेजात खुंटीला लावून ठेवली होती. बाबा आले तर येईन, नाहीतर तुझा तू जा, असं तिनं मला सांगितलं. मी एकटाच गेलो. एका हातात काठी आणि एका हातात घरातली जुनी जाळी घेऊन तीन मासे घालवले. ते खरोखर माझ्याच कड्याला लागून गेले.

चौथ्या शनिवारी मी धरणावर न जाता खुंटीवरची जाळी घेऊन सकाळी बाबांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसून शेंगा सोलत होते. निम्मे दाणे खाली सांडलेले होते. मी जाळी कठड्याला टेकवून उभी केली आणि बसायच्या आधीच म्हणालो, कारण बसलो असतो तर बोललो नसतो.

"बाबा, त्या दिवशी हुकाला ओठ होता. मासा मी फाडला. रीळ आवळलेलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

बाबांनी हातातली शेंग सोलून संपवली.

"चार," ते म्हणाले.

"काय?"

"चार वेळा टक वाजलं. माझे हात गेलेत, थेन, कान नाही गेले."

मी खाली बसलो. ते बोटीत पाठ करून बसले होते, मांडीखाली हात दाबून, आणि त्यांना सगळं कळलं होतं. जेवणाच्या टेबलावर 'माझ्या जाळीनं गेला' म्हणाले, तेव्हाही कळलेलं होतं.

"मग बोलला का नाहीत? वेंडलसमोर वर माझी बाजू घेतलीत."

"बाजू कसली घेतली? जागा करून दिली तुला. म्हटलं, आता म्हणेल, नाही बाबा, तो मीच घालवला. हसले असते सगळे, संपलं असतं. मी वाट पाहिली." त्यांनी पुढची शेंग उचलली. "तू बटाटे खात होतास."

मी म्हणालो, "उठा. ऊन चढलेलं नाही, अजून मासे फार खाली गेले नसतील. जाळी तुमची आहे. मार्लीसही तेच म्हणते. ती गाडीत बसलीय."

बाबांनी जाळीकडे पाहिलं. हात लांब करून दांड्याला लावला, आणि कडं कठड्यावर थाडथाड वाजायला लागलं. त्यांनी हात काढून घेतला.

"हात खरंच गेलेत रे," ते म्हणाले. "आज नाही तर पुढच्या महिन्यात माझ्याकडून एखादा मासा गेलाच असता. मग मी स्वतःच जाळी दिली असती तिला, हसत. तेवढं माझं मला करू द्यायचं होतंस."

मग त्यांनी मार्लीसला हाक मारली आणि शेंगांचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "सोल," म्हणाले. मी खाली सांडलेले दाणे वेचायला लागलो.