दाराखालचा ठोकळा

मी ठोकळा बोलतोय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माणसांतल्या मठ्ठाला तुम्ही माझं नाव देता, हे मला ठाऊक आहे. पण मी खराखुरा ठोकळा, लाकडाचा, चार बुटक्या पायांचा. गाडीचं दार उघडलं की मला खाली ठेवायचं आणि माझ्यावर पाय देऊन उतरायचं. चढताना परत तेच. मला कोणी शाळेत घातलेलं नाही, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझं लाकूड होडीचं. एका म्हाताऱ्या सुतारानं होडी बांधायला घेतली आणि होडी सांगणारं गिऱ्हाईक मध्येच मेलं. फळ्या कोपऱ्यात पडून राहिल्या. सुताराचे गुडघे गेले तेव्हा त्याच्या मुलाची गाडी नवी होती, आणि म्हाताऱ्याला तिच्यात चढता येईना. मग त्यानं त्या फळ्यांतला एक तुकडा ओढला, कापला, ठोकला, वरून जुन्या टायरचं रबर मारलं आणि मला उभं केलं. समुद्रावर जायचा मी, आलो माणसांच्या पायाखाली. नशीब.

त्या सुतारानं घरात एक नियम घालून दिला. उतरताना सगळ्यांच्या आधी ठोकळा उतरेल, चढताना सगळ्यांच्या शेवटी ठोकळा चढेल. आणि त्याला हात लावायचा तो फक्त गाडी चालवणाऱ्यानं. म्हातारा माझ्यावरून दोनदा चढला, मुलाच्या शेजारी बसून किनारा बघून आला आणि गेला. नियम तेवढा मागे राहिला.

त्याचा मुलगा म्हणजे माझा मालक. त्याला सगळे घुम्या म्हणतात. तोंडातून शब्द काढायचा तर ह्याला कळा येतात. त्याची थोरली बहीण, ताई, तिचं उलटं. पाहुण्यांना किनारा दाखवायचं काम तिचं, आणि तोंडाचा पट्टा असा की इंजिनाचा आवाज ऐकू येऊ नये. दोघांची लग्नं झाली नाहीत की टिकली नाहीत, मी कधी विचारलं नाही. एकाच घरात राहायची, एकाच गाडीत दिवस काढायची.

"तुझं तोंड एक दिवस गंजून जाईल," ताई म्हणायची.

"तुझं वंगण आहे की," घुम्या म्हणायचा. त्याचं दिवसाचं बोलणं एवढ्यात संपायचं.

आमचा धंदा असा. धक्क्याला मोठं जहाज लागायचं, पाच-सहा मजली इमारत पाण्यावर ठेवल्यासारखं. त्यातून माणसं उतरायची आणि एका दिवसात आमचा सगळा किनारा बघून परत जहाजात जायची. बहुतेकांना जहाजाच्या लांबलचक बसगाड्या न्यायच्या. बसवाले त्यांच्या छातीवर आकड्यांचे कागद चिकटवायचे आणि दर थांब्याला डोकी मोजायचे. ताईला त्याचा भारी राग. माणसं घेऊन चाललोय, कोंबड्या नाही, असं ती म्हणायची. आमच्या गाडीत मोजकी माणसं, चिकटवणं नाही, मोजणं नाही. मोजायची गरजच नव्हती. शेवटचा पाय माझ्यावरून वर गेला की घुम्या मला उचलायचा आणि आपल्या सीटमागे ठेवायचा. मी जागेवर म्हणजे सगळे आत. इतकी वर्षं कधी चुकलं नाही.

मात्र एक गोष्ट होती. जहाजाच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. आमच्यासारख्या बाहेरच्या गाडीला झाला तर थांबत नाही.

माणसाचं तोंड मला क्वचितच दिसतं. मी त्यांना पायांवरून ओळखतो. नवे बूट घालून आलेला दुपारपर्यंत लंगडतो. भांडलेली जोडपी एकमेकांचा हात न धरता उतरतात आणि माझ्यावर दाणदिशी आदळतात. आभार मानणारी माणसं हलक्या पायाची असतात असं नाही. माझे आभार तर कधीच कोणी मानले नाहीत. मानावेत असं मला वाटायचंही नाही. आता तर नकोच.

त्या दिवशी वारा होता. आकाश सकाळपासूनच मळलेलं. गाडीत एक म्हातारा-म्हातारी होती. म्हातारीच्या पायात तपकिरी पट्ट्यांचे बूट, टाच एका बाजूनं झिजलेली. ती आधी उतरायची, मग वळून म्हाताऱ्याचा पाय दोन्ही हातांनी धरून माझ्यावर ठेवायची. लहान मुलाला पायरी शिकवावी तसं. चढताना तो आधी, ती शेवटी. म्हणजे दर वेळी शेवटचा पाय तिचाच.

म्हाताऱ्याच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं होतं. गाडी सुरू झाली की तो खिडकीकडे बोट करून एकच वाक्य म्हणायचा. त्यांची भाषा घुम्याला येत नव्हती. ताईनं सांगितलं, तो म्हणतोय की माझी बायको मागे राहिली. पहिल्यांदा घुम्यानं दचकून ब्रेकवर पाय दिला. बायको तर त्याच्या मागच्याच सीटवर होती. तिनं पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो गप्प झाला. पुढच्या थांब्यानंतर परत तेच. मग सगळी गाडी हसायला लागली. म्हातारीही हसायची. दुपारपर्यंत ते वाक्य घुम्यालासुद्धा पाठ झालं.

दीपगृहापाशी म्हातारीनं ताईच्या कानात काहीतरी विचारलं. ताईनं तिथल्या संडासाच्या दाराला हिसका दिला. कुलूप. किल्लीवाला कुठे गेला होता कोण जाणे. ताई म्हणाली, आता थोडंच राहिलंय, एक थांबा झाला की धक्काच. म्हातारीनं मान डोलावली. अशी मान डोलावणारी माणसं मी ओळखतो. ती आपल्या अडचणीसाठी दुसऱ्याला थांबवत नाहीत.

शेवटचा थांबा काळ्या गोट्यांचा किनारा. तिथे एक खोली नाही, छप्पर नाही. नुसते खडक आणि पाणी. माणसं जरा फिरली नाहीत तोच पाऊस आडवा आला आणि सगळी गाडीकडे पळाली. म्हातारीनं म्हाताऱ्याला चढवलं. ताईनं त्याला पुढच्या सीटवर, घुम्याशेजारी बसवलं, कारण मागची खिडकी गळत होती आणि माणसं जागा बदलून मिळेल तिथे सरकली होती. मग ती आत टॉवेल वाटायला गेली. घुम्या पलीकडच्या बाजूनं ती खिडकी दाबून बसवत होता. म्हातारीचा एक पाय माझ्यावर आला होता. तिनं आत बघितलं, नवरा बसलेला दिसला, आणि पाय परत खाली घेतला. खडकांच्या मागे गेली. कशाला गेली ते आता सांगायला नको.

तेवढ्यात पांढऱ्या बुटांचा एक गृहस्थ शेवटी पळत आला. दिवसभर ह्याचं सौजन्य चाललेलं. दार धर, कोणाची पिशवी उचल, कोणाला आधी जाऊ दे. तो चढला, आणि मी पावसात भिजतोय हे बघून त्यानं खाली वाकून मला उचललं. खिशातून रुमाल काढला. मला पुसलं. आजवर माझं अंग कोणी पुसलं नव्हतं. मग त्यानं मला घुम्याच्या सीटमागे, अगदी माझ्या जागेवर ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

घुम्या धावत येऊन बसला. त्यानं मागे हात घालून मला चाचपलं. होतो मी जागेवर. ताईनं ठेवला असेल असं त्याला वाटलं. ताईला मागून मी दिसलो, तिला वाटलं घुम्यानं ठेवला. गाडी निघाली.

म्हाताऱ्यानं खिडकीकडे बोट केलं आणि आपलं वाक्य म्हटलं.

गाडी हसली. घुम्या, जो बापजन्मात हसला नव्हता, तोही हसला. म्हाताऱ्यानं परत म्हटलं, जरा मोठ्यानं. तेव्हा मागे बसलेल्या पांढऱ्या बुटवाल्यानं पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारी ठेवायची तसाच. म्हातारा गप्प झाला.

लाकडाला ओरडता येत नाही. येत असतं तर मी काचा फोडल्या असत्या.

धक्क्यावर घुम्यानं मला खाली ठेवलं. एकेक पाय उतरले. पांढरे बूट उतरले. शेवटी म्हातारा माझ्यावर येऊन उभा राहिला आणि खाली उतरेना. एक पाय पुढे करून तसाच थांबला. कोणीतरी तो धरून खाली ठेवेल म्हणून. ताई हसत गाडीत डोकावली, म्हातारीला हाक मारायला. तिचं हसू मला दिसलं नाही, पण तिचे पाय दिसले. ते मागच्या सीटपर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"घुम्या, गाडी फिरव," ती म्हणाली. एवढंच. त्या दिवसापासून तिचा पट्टा तुटला तो तुटलाच.

तिनं म्हाताऱ्याला उतरवलं आणि ती त्याच्यापाशी थांबली. घुम्यानं मला आत फेकलं. जाताना गाडीभर लोळत होतो मी. वाटेतच त्यानं दवाखान्याच्या गाडीला फोन केला. पत्ता सांगताना चार शब्द बोलावे लागले तर त्याची जीभ अडखळत होती.

म्हातारी किनाऱ्यावर नव्हती, रस्त्याच्या कडेला होती. गाडी जिथे उभी होती त्याच जागी. गाडीमागे धावताना ओल्या गोट्यांवर पडली होती आणि मग सरपटत तिथवर आली होती. एक पाय कंबरेपासून भलत्या बाजूला वळलेला. एक बूट नव्हता. घुम्यानं तिला उचलायला हात घातला तर ती अशी ओरडली की त्यानं हात काढून घेतले. मग अंगातला कोट काढून माझ्यावर घडी करून ठेवला आणि तिचं डोकं माझ्यावर टेकवलं. गाडीतली ताडपत्री तिच्यावर धरून तो पावसात उभा राहिला.

जन्मभर पायांचं ओझं वाहिलं मी. डोक्याचं वजन त्या दिवशी कळलं. फार नसतं.

ती काहीतरी विचारत होती. परत परत, तेच. घुम्याला तिच्या भाषेतलं एकच वाक्य येत होतं. तो खाली वाकला आणि ते म्हणाला.

"माझी बायको मागे राहिली."

तिनं त्याच्याकडे बघितलं. तिला कळलं, नवरा ठीक आहे आणि आपल्याला शोधतोय. डोळे मिटून तिनं मान डोलावली. तेवढ्यात लांब धक्क्यावर जहाजाचा भोंगा झाला. तो तिनंही ऐकला.

धक्क्यावर काय झालं ते नंतर ताईच्याच बोलण्यातून मला कळलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. जहाजावरचा माणूस म्हणाला, ह्यांना चढवा, निदान एक तरी जाऊ दे. ताईनं म्हाताऱ्याचा हात सोडला नाही. ती म्हणाली, जोडीनं उतरलीत, जोडीनं चढतील. मग जहाजातून दोन बॅगा आणून धक्क्यावर ठेवल्या गेल्या आणि जहाज गेलं. पांढरे बूटही गेले. आपण काय केलं हे त्याला अजून ठाऊक नसेल. माणूस वाईट नव्हता. तेच तर वाईट आहे.

म्हातारीनं दवाखान्यात फार दिवस काढले नाहीत. गार पाण्यात भिजलेली छाती भरत आली आणि त्यातच ती गेली. त्याआधी ताईनं म्हाताऱ्याला दोनदा तिच्याकडे नेलं. दोन्ही वेळा त्यानं तिला नमस्कार केला, परक्या बाईला करावा तसा, आणि सांगितलं की माझी बायको मागे राहिली.

त्यांची लेक येईपर्यंत म्हातारा आमच्याच घरी होता. ताईनं त्याला भरवलं, घुम्यानं त्याची दाढी केली. रोज सकाळी तो उठून गाडीत जायचा, मला छातीशी धरून आणायचा आणि घराच्या उंबऱ्यापुढे ठेवायचा. नीट, रबर वर, डगमगत नाही ना बघून. लेक आली. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. बापाला घेऊन निघाली तेव्हा ताई मला बाजूला करायला वाकली. म्हाताऱ्यानं तिचा हात धरला आणि आपलं वाक्य म्हटलं. ताईनं हात काढून घेतला.

तेव्हापासून मी इथेच आहे, उंबऱ्यापुढे. धक्क्यावर आमच्या गाडीला आता मनाई आहे. गाडी ताडपत्रीखाली सडतेय, तीच ताडपत्री. घुम्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो. ताई घरात बसते. माझं रबर सुटलंय, एका पायाला कीड लागलीय. जाता-येता दोघंही मला वळसा घालून जातात.

ताई मनात म्हणते, घुम्यानं ठोकळा उचलला आणि मागे बघितलं नाही. घुम्या मनात म्हणतो, ताईनं उचलला. दोघांनीही एकमेकांना वाचवायचं म्हणून तोंडाला कुलूप लावलंय. जेवताना फक्त ताटांचा आवाज येतो. एकानं एकदा विचारलं, "तू उचललास का रे?" तर दोघंही सुटतील. पण विचारत नाहीत. होच म्हणाला तर, ही भीती. मी रोज बघतो हे, उंबऱ्यातून. मला सगळं माहीत आहे आणि मी ठोकळा आहे.

तुम्ही कधी इथून गेलात तर आत हाक मारा आणि तेवढं विचारून टाका, ठोकळा कोणी उचलला म्हणून. आणि मी वाटेत आडवा येतोय असं वाटलं, भिजतोय असं वाटलं, तरी मदत म्हणून मला हात लावू नका. माझ्यावर अजून एक पाय पडायचा राहिलाय, झिजलेल्या टाचेचा.