काकूंनी दिलेली हमी

“आलीस तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं, आई. आणि माझं बोलणं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही.”

सकाळी डबा भरताना लेकीने दिलेली ही ताकीद काकूंनी कॉलेजचा जिना चढताना पुन्हा पुन्हा घोकली. अख्खी गल्ली त्यांना काकूच म्हणायची, आणि काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही हेही अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. प्रवेशाच्या खोलीत त्या शहाण्यासारख्या कोपऱ्यात बसल्या, पर्स मांडीवर, हात पर्सवर. पण टेबलामागे बसलेली, गळ्यात ओळखपत्र घातलेली आपली लेक पाहून त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलंच.

त्यांच्याबरोबर शेजारची मुलगी आली होती. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. कॉलर जोडण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. आता तिला दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांची मदतनीस व्हायचं होतं. त्यासाठी कारखाना सोडून दिवसाच्या वर्गाला बसायचं घरी ठरलं होतं. उद्या ती राजीनामा देणार होती.

“आज घरचंच गिऱ्हाईक वाटतं,” शेजारच्या टेबलावरची सहकारी हसली. “आधी लॅब दाखव गं. ती पांढरी खुर्ची आणि वरचा दिवा पाहिला की निम्म्या पोरी तिथेच सही करतात.”

“म्हणून तर आधी दाखवत नाही,” लेक म्हणाली.

तिने माहितीपत्रक पुढे ओढलं. सही घेण्याआधी ते विद्यार्थ्याला समजावून सांगायचं, असा कायदाच होता. बाकीचे कर्मचारी ते कागदांच्या गठ्ठ्यात तळाशी ठेवायचे आणि ‘इथे सही, इथे सही’ करत उरकायचे. लेक ते मोठ्याने वाचायची आणि प्रत्येक ओळीनंतर थांबायची.

“दहाजणी शिकायला येतात, त्यातल्या सातजणी कोर्स पूर्ण करतात. त्या सातजणींपैकी चौघींना या कामात नोकरी मिळते. परवान्याची परीक्षा सरकार घेतं, आम्ही नाही. इथे पास झालीस म्हणजे तिथे झालीस असं नाही. कळतंय ना?”

मुलगी गोंधळली. तिने कोपऱ्याकडे पाहिलं.

“पण ताई, नोकरी तर पक्की आहे ना? काकू म्हणाल्या होत्या. ‘माझी लेकच तिथे आहे, तुझी नोकरी झालीच म्हणून समज.’”

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. लेकीचं कौतुक सांगता सांगता त्या बोलून गेल्या होत्या, आणि तेही या मुलीच्या आईसमोर. बोलायला काय जातंय, असं वाटलं होतं तेव्हा.

“आई,” लेकीने शांतपणे विचारलं, “असं म्हणालीस तू?”

सहकारीचं पेन थांबलं. ‘मी आपलं सहज’ असं काकूंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

“हो. म्हणाले.”

लेक मुलीकडे वळली. “ते चूक आहे. नोकरीची हमी हे कॉलेज कुणालाच देत नाही, आणि आमच्या नावाने दुसऱ्या कुणी द्यायचीही नाही. माझी आई म्हणाली म्हणून तुला खरं वाटलं. तेव्हा ते खोडणं माझंच काम.”

इतक्यात प्रवेशप्रमुखांनी दारातून डोकावलं. “झाली का सही? एकच जागा उरली आहे.”

“नाही सर. पत्रक आज ती घरी नेणार आहे.”

“म्हणजे जागा गेली तर?”

“तर पुढच्या तुकडीत बसेल. कारखान्यातली नोकरी सोडली तर ती मात्र परत मिळणार नाही.”

सरांनी दार ओढून घेतलं.

मुलीने पत्रकातल्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “ताई, संध्याकाळचा वर्ग असतो का? कारखाना न सोडता?”

“असतो. कोर्स लांबतो, पण पगार चालू राहतो.”

“शिकायचंय मला. चौघींत येईन मी.” मग तिचा आवाज खाली आला. “पण आईला कोण सांगणार? तिला वाटेल मीच आळस करतेय. ती काकूंच्या शब्दावर विसंबून बसलीय.”

“मी सांगते,” काकू म्हणाल्या. “शब्द मी दिला होता. आजच जाऊन परत घेते.”

काकू उठल्या तेव्हा सहकारी हळूच म्हणाली, “काकू, लेक भारी कडक हो तुमची. सख्ख्या आईलाही सोडलं नाही.”

“नाही ना सोडलं?” काकूंनी पदर सारखा केला. त्यांचे कान अजून तापलेले होते, पण मान ताठ होती. “माझी आहे ती.”

खाली रस्त्यावर मुलगी दुपारच्या पाळीसाठी कारखान्याच्या दिशेने गेली. काकू गल्लीत शिरल्या. ओट्यावर बसलेल्या बायकांनी विचारलं, काय झालं कॉलेजात? एरवी काकूंनी तिथेच बैठक मारली असती. आज त्या नुसत्या हसल्या, स्वतःच्या दारावरून पुढे गेल्या, आणि शेजारी, मुलीच्या आईकडच्या पायऱ्या चढू लागल्या.