शेवटच्या हप्त्याची तारीख

नवऱ्याच्या नोकरीची चौदा वर्षं उरली होती आणि घराचं कर्जही चौदा वर्षांचंच. शेवटचा पगार आणि शेवटचा हप्ता एकाच महिन्यात. त्यापुढे एक हप्ता जरी गेला तरी भरणार कोण? माझ्या शिवणकामात दोघांचं पोट भरेल, घर नाही. सही सोमवारी होती आणि व्याजाचा दर स्थिर घ्यायचा की बदलता, हे ठरत नव्हतं.

बदलता स्वस्त होता. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

रविवारी थोरले दीर आले. त्यांनी चार वर्षांपूर्वी बदलता दर घेतलेला.

"स्थिर घेणारे मूर्ख," ते म्हणाले. "दर चढले म्हणून जग बोंबलतंय, पण माझा हप्ता? एक पैशाने हलला नाही!"

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तीनदा तपासल्याशिवाय कुणाला आत पाऊल टाकू देत नाही. पण भावापुढे नुसता मान डोलवत बसला. "दादाने घेतलंय म्हणजे बरोबरच असणार."

मी एका पॅन्टची कंबर उसवत होते. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं की शिवणीत दडवलेली माया सोडायची. बाहेरून पॅन्ट तीच दिसते, कापड मात्र आतून आलेलं असतं. दर चढला आणि हप्ता तोच? मग इथे माया कुठली सुटली?

"भाऊजी, कर्जाचा कागद बघू?"

"विश्वास नाही वाटतं?"

"तुमच्यावर आहे हो. बँकेवर नाही."

त्यांनी हसत मोबाईल पुढे केला. हप्ता खरंच तोच होता. मी खाली सरकत गेले.

"तुमचं कधी फिटायचं होतं?"

"बासष्टाव्या वर्षी."

"इथे तुम्हाला सत्तर पूर्ण होतायत."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बोटांवर मोजलं. हप्ता वाढवायचा नाही म्हणून बँकेने वर्षं वाढवली होती. कळवलंही होतं, मेसेज न उघडता पडून होते.

"म्हणजे सत्तरीपर्यंत मी जगावं असं बँकेला वाटतं," ते म्हणाले. "घरात एवढी काळजी कोण करतं?"

कुणी हसलं नाही. मग हळूच म्हणाले, "तुझ्या जावेला बोलू नकोस. मी सांगेन."

त्यांच्या कोटाचं बटण लोंबत होतं. मी ते शिवून दिलं.

सोमवारी बँकेतली मुलगी म्हणाली, "काका, सध्या बदलताच फायद्याचा आहे."

'सध्या' ऐकून नवऱ्याने पेन खाली ठेवलं. "स्थिर द्या."

"हप्ता बराच जास्त बसेल."

"बसू दे. शेवटची तारीख दाखवा."

तिने दाखवली. तारीख पळून जाईल अशा धास्तीने नवऱ्याने कागदावर बोट दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने पेन उचललं. मी तो हात धरला.

"स्थिर म्हणजे शेवटपर्यंत? की मध्येच तुमचं काहीतरी?"

"शेवटपर्यंत, काकू. पान सात."

पान सात मी दोनदा वाचलं. मागे रांग खाकरायला लागली.

"झालं का?" नवरा कुजबुजला.

"थांबा. बारीक अक्षरातलं राहिलंय."

तेही वाचलं. तारीख तिथेही तीच होती.

"करा आता," मी म्हणाले.