फक्कीची रेघ आणि काळूचा क्रूस

घरात ओल आली की आपण आधी गवंड्याला नावं ठेवतो, मग कौलांना, आणि दोन्हीकडे काही सापडलं नाही की हवेला. कमळाकर मास्तरांनी तिघांनाही दोष देऊन पाहिला होता. तरी त्यांच्या पेणच्या घरात माळ्याखालच्या भिंतीवर एक ओला डाग यायचा तो यायचाच. पाऊस सरून नाताळ तोंडावर आला होता, अंगणात टाकलेला पेंढा वाळून कुरकुरीत झाला होता. पण पुनव-अवसेला खाडीला उधाण आलं की डाग गडद व्हायचा आणि घरभर खाजणातल्या चिखलाचा वास सुटायचा.

"बाबा, गवंडी बोलवा की एकदा!" मुलगी सरू कावून म्हणायची.

"बोलावतो, बोलावतो," म्हणून मास्तर छत्री उचलून शाळेला निघायचे. गवंडी आला असता तर तो माळ्यावर चढला असता, आणि तेच त्यांना नको होतं.

माळ्यावर काय होतं ते आपण आत्ताच पाहून घेऊ. लपवाछपवी मास्तरांनी पुरेशी केली आहे, तीत आपली भर कशाला! रिकाम्या कणगीच्या मागे, पोत्यात गुंडाळलेला, एक लाकडी क्रूस होता. त्याच्यावर 'काळुराम जनू वाघमारे' अशी अक्षरं होती. तापल्या सळईनं ती कोरली होती खुद्द मास्तरांनीच.

काळुराम कातकरी वाडीतला. बाप जनू लवकर गेला, आई बायजेनं त्याला वाढवलं, आणि मायलेकांनी एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या भिंतींना दर नाताळाला चुना काळूच लावायचा. गेल्या संक्रांतीच्या सुमाराला त्याला कावीळ झाली आणि त्यातच तो गेला. चर्चच्या मंडळीची दफनभूमी खाडीच्या उतारावर आहे. वरचा भाग चांगला मुरमाड, खालचा बांधालगतचा नुसता चिखल. पंचांचे प्रमुख पुंडलिकराव म्हणाले, "वरची जागा जुन्या घराण्यांची. याला खाली ठेवू." जात हा शब्द कोणी उच्चारला नाही. आपल्याकडे तो उच्चारावा लागतच नाही! काळूला खाली ठेवलं, आणि पंचांपैकीच एक असलेले कमळाकर मास्तर मान खाली घालून उभे राहिले.

शिमग्याच्या उधाणात बांध फुटला. दोन दिवसांनी मिठागरावर काम करणारा जगन काहीतरी खांद्यावर घेऊन मास्तरांच्या दारात आला.

"मास्तर, आमच्या मिठागरात आला तरंगत. अक्षर तुमचं हाय, मी लगेच वलखलं. तुमच्या देवाचा हाय म्हनून कुनाचा पाय नाय लागू दिला."

त्याच दिवशी संध्याकाळी रोह्याहून पाहुणे सरूला बघायला यायचे होते. मुलगा रोह्याच्या कारखान्यात कायम नोकरीला, आणि पुंडलिकरावांचा सख्खा भाचा. अशा वेळी हा क्रूस दारात दिसला तर बांधाचा विषय निघणार, काळूला खाली का ठेवला याचा विषय निघणार! 'पाहुणे जाऊ देत, मग बघू,' असं म्हणून मास्तरांनी तो माळ्यावर चढवला. आणि 'मग बघू' हे जे आहे ना मंडळी, ते एकदा माळ्यावर चढलं की आपल्या पायानं खाली उतरत नाही.

दर रविवारी उपासना सुटली की दाराशी बायजा उभी असायची.

"मास्तर, काळूचा खांब दिसत नाय वो. कुनी नेला?"

"सापडेल हो, बायजाबाई."

"पान्यानं जमीन समदी सारखी केलीन. पन मला जागा ठावं हाय. मी बसते तितं. कुत्री लय उकरतात."

आणि ती खरंच बसायची. विटांच्या भट्टीवरून सुटली की हातात शेवरीची काठी घेऊन ती बांधाखाली जायची, चिखलाचा एक उंचवटा हातानं थोपटून सारखा करायची आणि दिवेलागणीपर्यंत कुत्री हाकलत राहायची. मास्तरांची शाळेची वाट तिथूनच जात होती. त्यांनी वाट बदलली. लांबचा वळसा घेतला, पण त्यानं काय होणार? ताटातला भात तोंडात घातला की त्यांना तो खारट लागायचा. सरूला विचारावं तर ती म्हणायची, मीठ घालायचंच राहिलंय. संध्याकाळी एकटे बसले की माळ्यावर लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज यायचा, पाणी हळूहळू हलवतंय असा. ते मोठ्यानं गीत म्हणायला लागायचे, आणि दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज जायचा.

आणि हेच मास्तर रविवारी मुलांना शास्त्रातल्या शूर माणसांच्या गोष्टी सांगत! दावीद आणि गल्याथ, राजापुढे न बोलावता जाणारी एस्तेर, सिंहांच्या गुहेतला दानीएल. हात उंचावून, डोळे मोठे करून असे सांगत की पोरं हलत नसत. हल्ली मात्र सिंहांपर्यंत आले की ते मध्येच थांबत.

त्यात दफनभूमीला भिंत घालायचं ठरलं. पंचांनी जागेवर फक्कीची पांढरी रेघ मारून घेतली. रेघ मुरमाच्या कडेकडेनं गेली होती. खालचा चिखल, म्हणजे काळू, रेघेच्या बाहेर. रविवारी उपासनेनंतर मंडळीला विचारायचं आणि सोमवारी पाया खणायचा. रेघ मारली त्या संध्याकाळी ती बघायला पंच म्हणून मास्तरांना नाइलाजानं तिकडे जावं लागलं. पांढऱ्या रेघेपलीकडे बायजा नेहमीच्या जागी बसली होती. तिनं रेघ पाहिली होती, पण तिला ती कसली ते कळलं नव्हतं.

"मास्तर, ही रांगोली कसली घातलीन वो?"

मास्तर परत फिरले. भरतीचं पाणी बांधाच्या भोकातून आत येत होतं, आणि त्यांना वाटलं, ते आपल्याच मागून येतंय.

शुक्रवारी रोह्याहून चंद्रावती मावशी आली. मास्तरांच्या आईची धाकटी बहीण. उभं आयुष्य गावोगाव पायी फिरून बायकांना शास्त्र शिकवण्यात गेलेलं, आणि या दफनभूमीसाठी पहिल्यांदा जागा देणारं घराणं तिच्या सासरचं. सरूच्या साखरपुड्याचं बोलायचं होतं आणि नाताळाच्या करंज्याही करायच्या होत्या. "मोठी परात काढ गो," असं मावशीनं म्हटलं, आणि मास्तर "मी काढतो" म्हणेपर्यंत सरू माळ्यावर चढलीसुद्धा.

खाली परात आली नाही. पोतं आलं. ओलं, जड. सरूनं ते सोडलं, नाव वाचलं आणि ती बापाच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"कधीपासून?" मावशीनं विचारलं.

"शिमग्यापासून."

"आणि ती बाई अजून शोधतेय?"

मास्तरांनी मान हलवली. मग इतक्या महिन्यांचं सगळं त्यांनी बोलून टाकलं. डाग, वास, आवाज, खारट भात. "मावशी, काळू मला सोडत नाही गं!"

मावशीनं क्रुसावरून बोट फिरवून जिभेला लावलं. "खाऱ्या पाण्यात मुरलेलं लाकूड आहे, कमळाकर. हवेतली ओल ओढणार आणि पाझरणार. भूतबित काही नाही यात. भूत असतं तर बरं होतं रे, प्रार्थना करून घालवता तरी आलं असतं! येत्या रविवारी पोरांना काय सांगणार आहेस?"

"दानीएल."

"दानीएलाला गुहेत टाकला तेव्हा बाहेर माणसं उभी असतील ना? हा निर्दोष आहे हे ठाऊक असलेली? त्यांतल्या एकाचंही नाव शास्त्रात नाही. आपण पोरांना सांगतो, दानीएलासारखे व्हा. आणि स्वतः त्या बाहेरच्यांत जाऊन उभे राहतो. रिस्पाची गोष्ट सांगितलीस कधी?"

"ती पोरांना सांगण्यासारखी नाही, मावशी."

"मोठ्यांना तरी कुठे सांगतो आपण! सरू, तू ऐक. शौल राजाची ही उपपत्नी. तिचे दोन मुलगे फाशी दिले आणि डोंगरावर तसेच उघड्यावर ठेवले. रिस्पानं खडकावर गोणपाट अंथरलं आणि ती तिथे बसली. कापणीपासून पाऊस पडेपर्यंत. दिवसा पाखरं हाकलायची, रात्री जनावरं. कोणापुढे रडली नाही, की कोणाकडे काही मागितलं नाही. हे दावीदाच्या कानावर गेलं. गल्याथाला लोळवणारा दावीद! तोसुद्धा या बाईमुळे उठला, हाडं गोळा केली आणि मानानं पुरली." मावशी मास्तरांकडे वळली. "आपल्या खाडीवर रिस्पा बसली आहे, कमळाकर. दावीदाच्या कानावर गेलं तेव्हा तो निदान उठला. तू वाट बदललीस."

"मी भित्रा आहे, मावशी. आणि सरूचं लग्न..."

"माझ्या नावावर हे लपवू नका, बाबा," सरू म्हणाली. ती रडत नव्हती, पण तिचा आवाज बदलला होता.

"अरिमथाईकर योसेफ भित्राच होता," मावशी हळू म्हणाली. "चोरून शिष्य झालेला. पण येशूचा देह तसाच राहील म्हटल्यावर तो थेट पिलाताकडे गेला. तोवर त्याच्या अंगात कुठून धैर्य असणार? जायला निघाला, तेव्हा आलं."

रविवारी उपासना झाली. पुंडलिकराव उभे राहिले. "भिंतीचं काम उद्यापासून. कोणाचं काही म्हणणं?" असं विचारून त्यांनी बसायला सुरुवातही केली, कारण कोणाचं काही म्हणणं कधीच नसे.

"माझं आहे," कमळाकर मास्तर म्हणाले.

पोतं घेऊन ते पुढे आले, ते सोडलं आणि क्रूस वेदीपुढच्या पायरीला टेकवून उभा केला. फरशीवर पाण्याचा एक ओघळ उतरला.

"मास्तर, हे काय आणलंत?"

"काळुरामचा क्रूस आहे, पुंडलिकराव. पाण्यानं नेला होता, एका मिठागरवाल्यानं आणून दिला. मी दडवला. तुमच्या भीतीनं, माझ्या मुलीच्या सोयरिकीसाठी."

मागे दाराशी चटईवर बसलेली बायजा उठली. दोन्हीकडच्या बाकांमधून ती पुढे आली, गुडघ्यावर बसली आणि पदरानं एकेक अक्षर पुसलं. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या वळणांवरून तिचं बोट बरोबर फिरत होतं.

"ह्यो कुठं सापडला?"

"मिठागरात, बायजाबाई. पार पलीकडे."

तिनं वर पाहिलं. रागावली नव्हती ती. तिला खरंच कळत नव्हतं.

"पान्यानं खांब एवढा लांब नेला, मातीबी नेली असंल... मंग मी बसत व्हते, ती जागा तरी काळूची कशावरनं? मी कुनाजवल बसत व्हते, मास्तर?"

बाईनं उन्हात, पावसात, काठी घेऊन जो चिखल राखला त्यात तिचं लेकरू असेल किंवा नसेलही! खूण गेली त्याच आठवड्यात मास्तर तिला घेऊन तिथे गेले असते, तर खणलेल्या मातीवरून जागा ओळखता आली असती. आता तेही हातातून गेलं होतं. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

पुंडलिकरावांनी घसा साफ केला. "बाई, तू अंदाजानं जागा दाखव. तेवढ्यापुरती भिंत वळवू."

"मला आता ठावं नाय, साहेब."

"मलाही नाही," मास्तर म्हणाले. "इथे कोणालाच नाही. काळू त्या चिखलात कुठेही असेल. म्हणून भिंत सगळ्याला आत घेऊनच घालावी लागेल, पुंडलिकराव. बांधापर्यंत. नाहीतर मी उद्या त्या रेघेवर जाऊन बसेन. बायजाबाईंनी एकटीनं पुष्कळ दिवस राखलं!"

"आणि माझी जागा वर आहे, नवऱ्याच्या शेजारी," चंद्रावती मावशी बाकावरूनच म्हणाली. "ती बायजेसाठी ठेवा. माझी वेळ आली की मला खाली, त्या चिखलात ठेवा."

"मावशी, अहो ती तुमच्या घराण्याची जागा!"

"माझी आहे, म्हणूनच देता येते ना?"

पुंडलिकराव खाली बसले. बराच वेळ ते फरशीवरच्या त्या ओघळाकडे पाहत होते. मग कोणाकडेही न बघता म्हणाले, "आधी बांध उंच करावा लागेल. नाहीतर भिंत टिकायची नाही."

माणसं बाहेर पडली आणि फक्कीच्या रेघेवरून चालत खाली गेली. इतके पाय पडल्यावर रेघ कुठली उरते! क्रूस चिखलाच्या मधोमध रोवला. त्याच्याखाली काळू आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो क्रूस त्या सगळ्या जागेचाच झाला.

रोह्याहून सोयरिकीचा निरोप अजून आलेला नाही. मास्तरांच्या भिंतीवरचा डाग वाळला, मागे मिठाची एक पांढरी कड राहिली. नाताळाचा चुना देताना सरूनं विचारलं, "हीही झाकू का?" मास्तर नको म्हणाले. आता उधाणाच्या दिवशी ते शाळा सुटली की नव्या बांधावर जातात. बायजा एका जागी बसत नाही, काठी घेऊन सगळ्या जमिनीवरून फिरते, आणि मास्तर तिच्या मागून फिरतात. तिचा प्रश्न त्यांच्या कानातून गेलेला नाही. जाणारही नाही, आणि तो जावा असं त्यांना वाटतही नाही.

आपल्या मुलांना आपण शास्त्रातल्या शूरांची नावं पाठ करून घेतो, ते चांगलंच आहे. पण दानीएल, एस्तेर, रिस्पा ही माणसं मुलांच्या परीक्षेसाठी झाली नाहीत. आपल्या गावात, आपल्या मंडळीत कोणाला रेघेबाहेर ठेवलं जातं त्या दिवशी ती आपल्याला विचारतात, तू कुठे उभा आहेस? प्रभूच्या लेकरांत वरची आणि खालची जमीन नसते. आणि उठायचं असेल तर वेळेवर उठावं. उशिरा आलेलं धैर्यही कामाला येतं, पण तोवर एखाद्या आईच्या हातून तिच्या लेकराची जागा कायमची निसटलेली असते.

पुढच्या रविवारी कमळाकर मास्तरांनी मुलांना रिस्पाची गोष्ट सांगितली. बायजा दाराशी नव्हती. ती पहिल्या बाकावर बसून ऐकत होती.