आडवा टांगलेला आरसा

मित्रांनो, तुम्ही माझ्यासमोर उभे राहून भांग पाडता, हलणारा दात बघता, रुसलात तर आपला रुसवा कसा दिसतो तेही बघून घेता. पण त्या वेळी तुमचं लक्ष स्वतःकडे असतं, माझ्याकडे नसतं. म्हणून आज मीच बोलतो. मी एक जुना आरसा आहे. माणसाएवढा उंच, लाकडी चौकटीचा, एका कोपऱ्यात काळे डाग पडलेला.

कारखान्यात माझ्या पाठीवर चकचकीत मुलामा चढला, त्यावर रंगाचा हात फिरला आणि साध्या काचेचा मी आरसा झालो. सुताराने चौकट बसवली. दुकानात मी फार काळ राहिलो नाही. एक तरुण बाई आली, माझ्यासमोर पुढून उभी राहिली, बाजूने उभी राहिली, मान वळवून पाठही बघितली आणि दुकानदाराला म्हणाली, "हा कमरेत फुगवत नाही. हाच द्या."

ती शिवणकाम करायची. कपडे अंगावर बेतताना ती टाचण्या ओठांत धरून ठेवायची, म्हणून गल्लीतली मुलं तिला टाचणीबाई म्हणत. हळूहळू मोठी माणसंही तेच म्हणू लागली. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारी, मला जागा मिळाली. मित्रांनो, काय दिवस होते ते! नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी कोट शिवून घेणारे तरुण माझ्यासमोर छाती पुढे काढून उभे राहत. फ्रॉक घातलेल्या मुली गिरकी घेत. टाचणीबाई गुडघ्यांवर बसून खालची दुमड नीट करायची. कुणी विचारलं, "सैल होतोय का?" तर तोंडातल्या टाचण्यांमुळे तिला बोलता यायचं नाही. "हं" म्हणजे हो आणि "हंहं" म्हणजे नाही. शेवटी टाचण्या काढून ती म्हणायची, "आता बघा आरशात." त्यानंतर त्या चेहऱ्यांवर जे हसू उमटायचं, ते सगळ्यात आधी मला दिसायचं.

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले. टाचणीबाईच्या मुलाचं लग्न झालं, घरात सामान वाढलं. मशीनवर झाकण पडलं. मला उचलून मागच्या बोळकांडीत ठेवलं, तेही तोंड भिंतीकडे करून. माझ्या चौकटीवर छत्र्या लटकू लागल्या. कुणी मुद्दाम वाईट वागलं असं नाही. पण माझ्यासमोर एवढी माणसं येऊन गेली, आणि आता फक्त पोपडे धरलेली भिंत. मन उदास व्हायचं.

मग एके दिवशी टाचणीबाई जिन्यात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती घरी आली आणि तिचा पलंग मागच्या खोलीत लागला, मी होतो त्या बोळकांडीच्या अगदी लगत. त्यामुळे मला दिसत काही नसलं तरी ऐकू सगळं येत होतं.

ती खोली पहिल्या मजल्यावरची, अरुंद आणि अंधारी. मागच्या रस्त्याकडची एकच खिडकी, तीही पलंगाच्या डोक्यामागे. पलंग आडवा केला तर दार उघडेना. पलंगाची एक बाजू भिंतीला लागलेली, म्हणून डोकं दुसरीकडे करावं, तर ऑपरेशन झालेल्या पायाच्या बाजूने उतरावं लागलं असतं, आणि त्याला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. टाचणीबाईच्या समोर उरली नुसती मळकट भिंत. मित्रांनो, भिंतीकडे तोंड करून राहणं म्हणजे काय, हे मला चांगलंच माहीत होतं.

ती दोन घास खाऊन ताट सारायची. भेटायला आलेल्यांना परत पाठवायला सांगायची. तोंडात एकही टाचणी नसताना आता ती नुसतं "हं" म्हणायची. तिला व्यायाम शिकवायला येणारी बाई एकदा बोळकांडीत येऊन सुनेला हळूच म्हणाली, "पाय बरा होतोय हो. पण त्यांनी मनावरच घेतलं नाही, तर त्या पुन्हा उभ्या राहणार नाहीत."

सून धोब्याच्या मोठ्या दुकानात इस्त्रीचं काम करायची. मुलगा टेम्पो चालवायचा. त्याने गवंड्याला बोलावून नवी खिडकी पाडायचा बेत केला. गवंड्याने भिंतीवर टिचक्या मारल्या, मान हलवली आणि जो आकडा सांगितला, तो ऐकून मुलाने तो बेत सोडून दिला.

"खिडकी आहे ना एक?" सून म्हणाली. "आधी तिच्याकडे तर बघू."

सुट्टीच्या दिवशी तिने पदर खोचला. खोलीतली रिकामी खोकी, तुटकी खुर्ची, कधीतरी लागतील म्हणून साठवलेले डबे, सगळं बाहेर काढलं. जाड, काळपट पडदा उतरवला आणि टाचणीबाईच्या जुन्या गाठोड्यातलं पांढरं पातळ कापड खिडकीला लावलं. कोमट पाण्याने आणि वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी काचा पुसल्या. मुलाने शेजाऱ्याकडे उरलेला फिकट पिवळा रंग मागून आणला आणि समोरच्या भिंतीवर फिरवला. मग सुनेचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अरे, हा समोर ठेवला तर उजेड दुप्पट होईल!"

छत्र्या निघाल्या. मला पुसलं. किती काळाने कुणाचा तरी हात माझ्या काचेवरून फिरला! मला पलंगाच्या पायथ्याशी उभं केलं, आणि मी टाचणीबाईला पाहिलं.

तिनेही स्वतःला पाहिलं. विस्कटलेले पांढरे केस, बसलेले गाल, खांद्यावरून घसरलेला गाऊन. ती पाहतच राहिली आणि मग किंचाळली, "काढा! काढा तो आधी! मला कशाला दाखवताय हे?"

"आई, उजेडासाठी..."

"मला नको तुमचा उजेड!"

मुलाने मला घाईघाईने बाहेर नेलं. सून स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिली, आणि मग भांड्यांचा आवाजही थांबला. ती रडत होती. मित्रांनो, त्या दिवशी मला वाटलं, फुटून गेलो असतो तर बरं झालं असतं.

पण सून हट्टी होती. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर ती सरळ सासूच्या पलंगाशी गेली आणि म्हणाली, "आई, जरा सरका."

"का गं?"

"मला झोपायचंय इथे. तुम्हाला काय दिसतं ते बघायचंय."

टाचणीबाई चकित होऊन सरकली. त्या एवढ्याशा पलंगावर सासू-सुना शेजारी शेजारी आडव्या झाल्या. सुनेने नवऱ्याला हाक मारली, "आरसा आण. उभा नको, आडवा धर. अजून वर घे. पार छतापाशी."

"खांदा गेला माझा," मुलगा स्टुलावरून कण्हला.

"जाऊ दे. आता वरून पुढे झुकव. नको, एवढा नको, आम्ही दोघी दिसतोय. थोडा मागे... थांब! तिथेच थांब!"

मित्रांनो, आयुष्यभर उभा राहिलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा आडवा झालो. खिळ्यांवर टांगलेला, दोरीने तोल सांभाळत पुढे झुकलेला. आणि माझ्यात आता कुणाचाच चेहरा नव्हता. खिडकी होती, खिडकीतून दिसणारा रस्ता होता, रस्त्यापलीकडचा चप्पल शिवणारा होता, उलट्या अक्षरांची एक पाटी होती आणि शाळेतून घरी निघालेली मुलं होती.

  दोघी बघत राहिल्या.

"तो बघ, आई," मुलगा स्टुलावरून उतरून पलंगाशी आला आणि मान वाकडी करून म्हणाला, "त्या माणसाच्या शर्टाचा खिसा चुकून उजवीकडे लावलाय."

"आरशात बघतोयस ना, गाढवा?" टाचणीबाई म्हणाली. "खिसा बरोबर आहे. त्याच्यामागची ती पोरगी बघ. फ्रॉक एका बाजूने खाली लोंबतोय. कोणी शिवलाय हा? बोलवा तिला वर."

"आत्ता?"

"मग काय पुढच्या वर्षी?"

सून अनवाणीच जिना उतरून धावली. मुलगी आली, तिच्यामागून तिची आई आली. टाचणीबाईने उशीला टेकून बसत सुई मागितली, दोऱ्यासाठी डोळे बारीक केले, आणि उसवलेली दुमड तिथल्या तिथे घालून दिली. त्या संध्याकाळी तिने पोळीचा शेवटचा तुकडाही ठेवला नाही.

त्यानंतर घरात रोज माझी आठवण निघू लागली. "आरसा पुसलात का?" हे ती उठल्या उठल्या विचारायची. व्यायामवाल्या बाईशी भांडून का होईना, पण पाय उचलायची. एके सकाळी तिने सुनेकडून कंगवा मागून घेतला आणि म्हणाली, "दोरी सैल कर जराशी. अजून थोडा झुकव. आता मला दिसू दे." सुनेने दोरी सोडली. टाचणीबाईने स्वतःकडे नीट पाहिलं, केस विंचरले, घट्ट अंबाडा घातला आणि हसून म्हणाली, "म्हातारी झाले गं मी." आवाजात रडू नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं काहीतरी असेल. नवं आणायच्या आधी ते एकदा फिरवून बघा, पुसून बघा, दुसऱ्या जागी लावून बघा. आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर त्याच्या शेजारी जरा आडवे व्हा. त्याला काय दिसतं ते तिथूनच कळेल.

आता माझ्याकडे फारसं काम नाही. परवा टाचणीबाई वॉकर धरून उठली, एकेक पाऊल टाकत पलंगाला वळसा घालून खिडकीशी गेली आणि पांढरा पडदा बाजूला सारून स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता बघत उभी राहिली. खाली कुणाला तरी हात केला. माझ्याकडे तिची पाठ होती. पाठ अजून थोडी वाकलेली आहे, पण ती उभी आहे. मी तिच्याकडे पोटभर बघून घेतलं.